तीन मशिने आणि एक अमानत

कोकणातल्या जुन्या घरातली अडगळीची खोली साफ करायला काढली की केर कमी आणि हिशेब जास्त निघतात. रत्नागिरीजवळ खाडीकाठी असलेल्या आमच्या घराची कौले उतरवून पत्रा घालायचे ठरले, तेव्हा पडवीमागची जाळ्यांची खोली प्रथमच पूर्ण रिकामी करावी लागली. कुजलेल्या सुती जाळ्यांचे गठ्ठे, शिशाच्या गोळ्या, एक मोडके वल्हे, शिडाच्या कापडाची घडी असे एकेक बाहेर येत गेले. सगळ्यात शेवटी, भिंतीला लागून, ताडपत्रीखाली तीन मशिने निघाली. होडीच्या मागे, बाहेरच्या बाजूला अडकवायची ती आउटबोर्ड मशिने. किनाऱ्यावर त्यांना कोणी आउटबोर्ड म्हणत नाही. नुसते ‘मशीन’ म्हटले की पुरे.

पहिल्यावर जॉन्सनचे नाव अजून वाचता येत होते. दुसरे यामाहाचे, रॉकेलवर चालणारे. तिसऱ्यावरचे नाव झिजून गेले होते आणि ते वेगळ्या गोणपाटात बांधून, वर सुतळीचे तीन वेढे देऊन ठेवले होते.

मग घरात चर्चा सुरू झाली. धाकटे चाचा म्हणाले, भंगारवाल्याला बोलवा, ॲल्युमिनियमला भाव बरा मिळतो. भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितले की अशा जुन्या मशिनांचे शौकीन असतात. ते मशीन घासूनपुसून, रंग देऊन दिवाणखान्यात मांडतात. चुलतभावाचे मत पडले की एखादे तरी चालू होईल, तिन्हींचे सुटे भाग एकत्र करून बघू. फुफी पडवीत बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “विकायचे तर विका. पण आधी ते कोणाचे आहे ते बघा. वालिदांच्या मालात मुलीचाही हिस्सा असतो, आणि दुसऱ्याचा माल असेल तर आपला कोणाचाच हिस्सा नसतो.”

फुफींचे बोलणे ऐकून आम्ही थांबलो. ही मशिने कोणाची, कशी आली, कशाला आली आणि का थांबली, हे आम्हांपैकी कोणालाच नीट सांगता येत नव्हते. ज्या वस्तूने दोन पिढ्यांना भाकरी दिली तिचा इतिहास घरातल्या सुशिक्षितांना ठाऊक नसावा, याची थोडी शरम वाटली. हा लेख म्हणजे त्या शोधाचा वृत्तांत आहे.

दर्याचे शब्द

कोकणी मुसलमानांचा इतिहास सांगताना आपण अरब व्यापाऱ्यांपासून सुरुवात करतो. दाभोळच्या बंदराचे वैभव सांगतो. शिवाजी महाराजांच्या आरमारातील दौलतखान आणि दर्यासारंग यांची नावे अभिमानाने घेतो. १६७९ साली खांदेरीच्या लढाईत मायनाक भंडारी यांच्याबरोबर दौलतखान होते, हे व्यासपीठावरून आवर्जून सांगतो. ते सांगायलाच हवे. पण व्यापारी आणि सरदार यांच्या मधे जो रोज पहाटे होडी पाण्यात लोटत होता, त्या मच्छीमाराकडे आपले लक्ष फार कमी गेले आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडात रत्नागिरी जिल्ह्याची माहिती आहे. त्यात मासेमारी करणाऱ्या दालदी मुसलमानांची नोंद आहे. इंग्रज अधिकाऱ्याला ते दिसले. आपल्या स्वतःच्या लेखनात मात्र ते क्वचितच दिसतात.

त्यांचा पुरावा कागदावर कमी आणि भाषेत जास्त आहे. ‘दर्या’ आणि ‘बंदर’ हे शब्द फारसीतले. होडीचा मालक तो ‘नाखवा’, त्याचे मूळ फारसी ‘नाखुदा’. ‘सारंग’ म्हणजे ‘सरहंग’. ‘खलाशी’, ‘तुफान’ आणि ‘मोसम’ हे शब्दही अरबी-फारसीच्या वाटेने आले. आणि ज्या ‘मोसम’वर आपली शेती आणि मासेमारी चालते, त्याच शब्दापासून इंग्रजांचा ‘मॉन्सून’ झाला. हे शब्द आज एकट्या मुसलमानांचे नाहीत. खारवी, गाबीत, भंडारी, कोळी सगळ्यांच्या तोंडी ते आहेत. होडीवर धर्म वेगळे असले तरी हाक एकच असते, ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे.

या शब्दांच्या काळात होडी चालायची ती वाऱ्यावर आणि दंडाच्या जोरावर. पहाटे जमिनीकडून वाहणारा मतलई वारा होडीला बाहेर न्यायचा आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा तिला परत आणायचा. वारा पडला की वल्ही. आमचे आजोबा सांगत की वारा पडलेल्या दिवशी मासळी होडीतच नरम व्हायची आणि बाजार उठून जायचा. म्हणजे कष्ट पुरते, मोल अर्धे. मशीन कशासाठी आले हे समजून घ्यायचे तर आधी हा पडलेला वारा डोळ्यांपुढे आणायला हवा.

मशीन आले कुठून

होडीला बाहेरून अडकवायच्या यंत्राची कल्पना आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव त्रूव्हे या संशोधकाने सेन नदीत विजेवर चालणारे असे यंत्र होडीला लावून दाखवले होते. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास पेट्रोलवर चालणारे यंत्र तयार केले. पण हे यंत्र खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत नेले ते ओल एव्हिनरूड यांनी. हे गृहस्थ मूळचे नॉर्वेचे. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले. १९०९ पासून त्यांचे दीड अश्वशक्तीचे मशीन विकले जाऊ लागले. जॉन्सन बंधूंचे मशीन १९२० च्या दशकात आले आणि १९३६ मध्ये दोन्ही नावे एका कंपनीखाली आली. जपानमध्ये यामाहाने पहिले आउटबोर्ड १९६० साली काढले, सुझुकीने १९६५ साली.

अमेरिकेत हे मशीन प्रामुख्याने हौसेसाठी होते. रविवारी तळ्यावर जाऊन गळ टाकणाऱ्यांसाठी. आपल्याकडे येईपर्यंत ते पोटासाठी झाले.

आपल्या देशात होड्यांच्या यांत्रिकीकरणाचा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर जोरात सुरू झाला. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. इकडे मुंबई राज्याच्या मत्स्य खात्यानेही कर्ज आणि अनुदान देऊन होड्यांना डिझेल इंजिने बसवायला मदत केली. पण ही इंजिने होडीच्या पोटात कायमची बसवायची असत. त्यासाठी होडी मोठी हवी, बंदर खोल हवे, आणि कर्ज फेडण्याची ऐपत हवी. ज्याची होडी लहान, त्याला त्यातले काहीच नव्हते. पुढे कोळंबीची निर्यात वाढली, पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर वाढले, आणि लहान होडीवाल्याच्या नजरेसमोर त्याचीच मासळी मोठ्या जाळ्यात जाऊ लागली.

म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केरळच्या पारंपरिक मच्छीमारांनी मोठ्या संख्येने आउटबोर्ड मशिने घ्यायला सुरुवात केली. ती श्रीमंतीची खूण नव्हती. ट्रॉलरशी स्पर्धा करून टिकून राहण्याची ती धडपड होती. पुढे केंद्र सरकारनेही पारंपरिक होड्यांना मशीन बसवण्यासाठी अनुदानाची योजना आणली.

महाराष्ट्रात चित्र वेगळे राहिले. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने केलेल्या २०१० च्या गणनेत होड्यांचे तीन वर्ग आहेत: पोटात इंजिन असलेल्या यांत्रिक, आउटबोर्ड लावलेल्या मोटरयुक्त, आणि बिनमोटरीच्या. देशात मोटरयुक्त होड्या ७१,३१३ होत्या. त्यांपैकी एकट्या केरळात ११,१७५. महाराष्ट्रात यांत्रिक होड्या १३,०१६, बिनमोटरीच्या २,७८३ आणि मोटरयुक्त फक्त १,५६३. म्हणजे आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर आउटबोर्डवाला हा मधल्यामधला माणूस आहे. वल्ह्यावरून उठला, पण मोठ्या बोटीपर्यंत पोचला नाही. अशा मधल्या माणसाचा इतिहास कोणी लिहीत नाही. मोठ्यांचा व्यापार म्हणून लिहिला जातो, अगदी लहानांचा परंपरा म्हणून. मधला नुसता जगून जातो.

खाडीच्या तोंडाशी

आमच्या घरातले जॉन्सन मुंबईच्या दारूखान्यातून आले, असे चाचांना आठवते. जुने, वापरलेले. थोरले चाचा गल्फला गेल्यावर त्यांनी पाठवलेल्या पहिल्या पैशातून आजोबांनी ते घेतले. १९७० च्या दशकात खनिज तेलाचे भाव चढले, गल्फमध्ये कामे निघाली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांतून माणसे तिकडे जाऊ लागली. त्या तेलाने आमच्या घराला मजुरीही दिली आणि मशीनचे इंधनही महाग केले. दोन्ही एकाच विहिरीचे पाणी.

भाट्ये खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, हे राजिवड्यातल्या लहान मुलालाही माहीत असते. पोटात इंजिन असलेल्या होडीचा पंखा तळाशी असतो. ओहोटीला ती वाळूत बसते. आउटबोर्डचा मोठा फायदा इथे. पाणी उथळ झाले की तांडेल मशीन पुढे वाकवून त्याचा पाय वर उचलतो, दोन वल्ही मारून वाळू ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा पाय पाण्यात सोडतो. पंखा दगडाला लागला तर आतली एक लहान पिन तुटते आणि पंखा व दातेरी चक्रे वाचतात. ही पिन तुटण्यासाठीच असते. जॉन्सन उघडले तेव्हा त्या पिनेच्या जागी कापलेला लोखंडी खिळा निघाला. भर समुद्रात पिन तुटली असणार, नवीन नसणार, आणि आजोबांनी किंवा वालिदांनी हाताला मिळाला तो खिळा कापून ठोकला असणार. त्या खिळ्याकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

यामाहाची रीत निराळी. रॉकेलवर चालणारे असले तरी ते सुरू करायचे पेट्रोलवर. दोरी ओढून मशीन गरम झाले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे. परत येताना, बंद करण्याआधी, पुन्हा पेट्रोलवर आणायचे, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहते आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात गळून जातो. घरी आणले की गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून थोडा वेळ चालवायचे. खारे पाणी आत राहिले तर ते ॲल्युमिनियम खाते. हे पाणी आमची दादी विहिरीवरून आणत असे. लोकांना वाटते मशीन पुरुषांचे काम. त्याला लागणारे पाणी, रेशनच्या रांगेत मिळणारे रॉकेल आणि मासळी विकून आणलेले पेट्रोलचे पैसे, यांत बाईचा हात किती होता हे फुफी सांगतात तेव्हाच कळते. “चूल अडली तरी चालेल, मशीन अडता कामा नये,” असे दादी म्हणत असे म्हणे.

मशीनने काय दिले? वेळ दिला. बाजार उठायच्या आत मासळी पोचू लागली. आभाळ भरून आले तर परत फिरता येऊ लागले. आणि ज्या घरांनी समुद्रात माणसे गमावली आहेत त्यांना या एका गोष्टीचे मोल सांगायला नको.

मशीनने काय घेतले? पूर्वी मासळीचे पैसे आले की होडीचा, जाळ्याचा आणि माणसांचा असे वाटे पडत. मशीन आले आणि मशीनचाही वाटा पडू लागला. त्याआधी इंधनाचे पैसे वेगळे निघत. चार वल्हेकऱ्यांच्या जागी दोन माणसांत काम भागू लागले. उरलेले दोघे कुठे गेले? कोणी मोठ्या बोटीवर खलाशी झाले, कोणी मुंबईला, कोणी गल्फला. वाऱ्याला पैसे द्यावे लागत नव्हते. रॉकेलला द्यावे लागत होते, मासळी मिळो न मिळो. म्हणून मशीनबरोबर घरात पहिल्यांदा उधारीची वही आली.

दोन्ही बाजूंना आम्हीच

किनाऱ्यावरचे पुढचे भांडण सर्वांना माहीत आहे. १९७० च्या दशकात गोव्यात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध आंदोलन उभे केले आणि १९८० मध्ये तिथे सागरी मासेमारीचा कायदा झाला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी लहान होडीवाल्यासाठी राखावे, हा त्यामागचा विचार. नंतर पर्ससीन जाळी आली. बांगड्याचा किंवा तारलीचा पूर्ण थवा वेढून, खालून बटव्यासारखी दोरी ओढून उचलणारी. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्य सरकारने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्या काळापुरती मर्यादित केली. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. आदेश निघाले, तक्रारी राहिल्या.

या भांडणात ‘ते’ आणि ‘आपण’ अशी सोपी वाटणी रत्नागिरीत करता येत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात मोठ्या बोटींचे मालक मुसलमान आहेत, त्यांच्यावरचे खलाशी मुसलमान आहेत, आणि ज्यांची लहान जाळी त्या बोटींमुळे रिकामी येतात असे म्हणतात तेही मुसलमान आहेत. एकाच मस्जिदीत एका सफेत उभे राहणारे दोघे समुद्रात एकमेकांवर नाराज असतात. हिंदू मच्छीमारांतही हेच. हे भांडण जातीधर्माचे नाही, भांडवलाचे आणि हत्यारांचे आहे. आणि खरे बोलायचे तर आमच्या आजोबांनी दारूखान्यातून आणलेले ते लहानसे जॉन्सन हीसुद्धा त्याच वाटेवरची पहिली पायरी होती. ज्या दिवशी ते पाण्यात उतरले, त्या दिवशी शेजारच्या वल्ह्याच्या होडीला बाजारात उशीर झाला असणार. आपल्यावर अन्याय करणाराच आपल्याला दिसतो. आपल्या मागे राहिलेला दिसत नाही.

अमानत

आता त्या गोणपाटातल्या तिसऱ्या मशीनकडे वळू. सुतळी सोडली तेव्हा आत पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्यावर वालिदांच्या अक्षरात शेजारच्या एका तांडेलांचे नाव आणि खाली एकच शब्द: ‘ठेव’.

मग उधारीच्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत नोंद सापडली. त्या तांडेलांनी वालिदांकडून इंधनासाठी उसने पैसे घेतले होते आणि तारण म्हणून मशीन ठेवले होते. पुढे परतफेडीचे चार हप्ते लिहिलेले होते, आणि त्यानंतर पान कोरे. चाचांना आठवले की त्यांची लहान होडी चालेना झाली तेव्हा ते एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेले. नंतर आजारात वारले. वालिदांनी मशीन ना वापरले ना विकले. दर पावसाळ्याआधी ते मशिनांना तेल लावत. त्यात हे तिसरेही असे, एवढे आम्हांला लहानपणीचे आठवते. ते कोणाचे, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

चाचांनी भंगाराचा जो हिशेब केला होता त्यातले एक तृतीयांश असे एका क्षणात गळून पडले. फुफी म्हणाल्या, “मी सांगितले नव्हते?”

आमच्या पदरात पडला होता तो एक जुना, साधा प्रश्न. तारण म्हणून ठेवलेली वस्तू ही अमानत. कर्ज फिटले नाही म्हणून ती आपोआप आपली होत नाही. कर्जदार गेला तर वारसांना विचारले पाहिजे. आणि कर्ज माफ करायचे तर तो हक्क एकट्या चाचांचा नाही. वालिदांच्या सर्व वारसांनी मिळून तो सोडला पाहिजे. त्या संध्याकाळी पडवीत बसून सगळ्यांनी, फुफींसह, तो सोडला. आमच्या घरात इतक्या वर्षांत इतका लवकर कोणता निर्णय झाल्याचे आठवत नाही.

तांडेलांची मुलगी खाडीपलीकडे राहते. आम्ही तिच्याकडे गेलो. मशीन तुमचे आहे, देणे काही उरलेले नाही, असे सांगितले. तिने मशीनबद्दल फारसे विचारले नाही. विचारले ते वहीबद्दल. त्या पानावर बाबांची सही आहे का? होती, वाकड्या अक्षरातली, पण पूर्ण नावाची. ती म्हणाली, “आमच्याकडे बाबांचे जे कागद आहेत त्या सगळ्यांवर खलाशी लिहिले आहे. त्यांची स्वतःची होडी होती, स्वतःचे मशीन होते, हे माझी मुले खरे मानत नाहीत. मला त्या पानाची झेरॉक्स द्या.”

आम्ही झेरॉक्स न देता मूळ पानच दिले आणि झेरॉक्स आमच्या वहीत लावली. मशीन तिचा मुलगा घेऊन गेला. तो बंदरावर इंजिने दुरुस्त करतो. प्लग काढून आत तेल सोडून ठेवले आहे, पिस्टन अजून हललेला नाही, असा त्याचा निरोप आहे. हलला तर ठीक. न हलला तरी ते आता योग्य घरात आहे.

उरलेल्या दोघांचे काय?

उरली दोन. त्यांच्याबाबत भावनेपेक्षा व्यवहार बघणे भाग होते. यामाहाचे आतले भाग बऱ्या स्थितीत होते; कार्बोरेटरमध्ये जुन्या इंधनाचा डिंकासारखा थर साचला होता आणि पाणी खेचणारे रबराचे चक्र कडक झाले होते. या गोष्टी बदलता येतात. पण बदलून काय करायचे? केंद्राचे रॉकेलवरचे अनुदान २०२० च्या सुमारास संपले. रॉकेलचा आता भरवसा नाही. शिवाय या जुन्या धाटणीच्या दोन-स्ट्रोक मशिनांत इंधनाचा मोठा हिस्सा, चौथाईपर्यंत, न जळताच पाण्यात जातो. याच कारणाने अमेरिकेने १९९६ साली नियम करून अशा मशिनांवर टप्प्याटप्प्याने बंधने आणली. ज्या खाडीने आपल्याला पोसले तिच्यात आठवणीच्या प्रेमाखातर तेल सोडणे आम्हांला पटले नाही. म्हणून यामाहा सुट्या भागांसाठी दिले. त्याचा पंखा, दोरीचे चाक आणि पाय चालू मशिनांना उपयोगी पडतील. त्याचे जे काही पैसे आले ते फुफींच्या समोर, वारसाच्या हिश्श्यांप्रमाणे वाटले. रक्कम अगदी किरकोळ होती. तरी फुफींनी आपला वाटा मोजून घेतला आणि पदराला बांधला.

जॉन्सनला मात्र हात लावलेला नाही. ज्या कंपनीने जॉन्सन आणि एव्हिनरूड ही नावे चालवली तिचे डिसेंबर २००० मध्ये दिवाळे निघाले. नंतर दुसऱ्या कंपनीने एव्हिनरूड चालवले, तेही २०२० मध्ये बंद झाले. नवे भाग मिळणे कठीण. शौकिनाला विकले असते तर त्याने गंज काढला असता, चकचकीत रंग दिला असता, आणि सगळ्यात आधी तो लोखंडी खिळा काढून फेकला असता. त्या मशीनमधली आमची एवढी एकच गोष्ट आहे.

रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या राजासाठी बांधलेला थिबा राजवाडा आहे आणि त्यात संग्रहालय आहे. झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात देवमाशाचा सांगाडा पाहायला शाळांच्या सहली येतात. राजाची आठवण जपली गेली, देवमाशाची जपली गेली. मासे पकडणाऱ्या माणसाच्या हत्याराला कुठे जागा आहे, हा प्रश्न आम्ही तक्रार म्हणून मांडत नाही. आपणच कधी ते हत्यार नेऊन दाखवले नाही, तर संग्रहालयाने मागायचे तरी कोणाकडे? म्हणून आम्ही जॉन्सन पडवीत ठेवले आहे, जसे होते तसे, आणि शेजारी चार पानांची नोंद ठेवली आहे: कुठून आले, कोणाच्या पैशाने आले, कोणी चालवले, कोणी पाणी आणले, वाटे कसे पडत, कधी थांबले. योग्य जागा मिळाली तर मशीन आणि नोंद बरोबरच जातील. नोंदीशिवाय मशीन देणार नाही, एवढे ठरवले आहे. नोंद नसेल तर ते नुसते लोखंड आणि ॲल्युमिनियम.

जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाडा बंदरातली अनधिकृत ठरवलेली बांधकामे हटवण्यात आली, तेव्हा जुन्या सामानाचे करायचे काय, हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा राहिला नाही. आज विजेवर चालणारी आउटबोर्ड पुन्हा बाजारात येत आहेत. १८८१ च्या पॅरिसमधला तो प्रयोग फिरून परत येतो आहे. उद्या आत्ताची मशिनेही अडगळीत जातील. तेव्हा आमची वाचकांना विनंती एवढीच की जाळ्यांची खोली, माळा, पडवीचा कोपरा भंगारवाल्यासाठी उघडण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिथे बसवा आणि एकेक वस्तू दाखवून विचारा. कोणाची, कुठली, कशाची. ती सांगेल ते लिहून घ्या, मराठीत, साध्या वहीत. गॅझेटियर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आपण १८८० साली दिसलो होतो. आपण आपल्याला केव्हा दिसणार?

फुफींना आम्ही हा लेख वाचून दाखवला. त्यांनी एक चूक दुरुस्त केली. आजोबांनी जॉन्सन थोरल्या चाचांच्या पहिल्या पैशातून घेतले, हे अर्धेच खरे आहे. उरलेली निम्मी रक्कम दादीने हातातल्या दोन बांगड्या मोडून दिली होती. चार पानांच्या नोंदीत आता हे पाचवे पान जोडले आहे.